उतारावरचं घर निसर्गात मिसळायचं असेल तर आधी जमिनीच्या लेव्हल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की जागा उताराची आहे, जुनी झाडं आहेत, मध्येच एक मोठा खडक वर आलेला आहे, आणि तुम्हाला सपाट छताचं, मोठ्या काचांचं मॉडर्न घर हवंय पण ते तिथल्या निसर्गात मिसळून गेलेलं दिसायला हवं. आर्किटेक्ट म्हणतात तिथलाच दगड भिंतींना लावू, छतावर गवत लावू, समोरची पूर्ण बाजू काचेची करू, झालं. हे पुरेल का, आणि तो खडक घरात घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

एवढ्याने नाही पुरणार. दगड, गवत, काच ह्या गोष्टी चांगल्याच आहेत पण त्यांचा नंबर बराच नंतर लागतो. घर त्या जागेचं वाटणार का उपरं वाटणार हे ठरतं तुम्ही जमीन किती कापता, किती भराव घालता आणि पाण्याची जुनी वाट कुठे अडवता यावर. मी बरीच वर्षं उताराच्या जागांवरच काम करतोय, आणि एखादं घर डोळ्याला खुपतं तेव्हा मी आधी त्याच्या भिंती बघतच नाही, पायाशी बघतो. तिथे हमखास एक सरळसोट रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत असते, नाहीतर भरावावर लावलेली हिरवळ असते, आणि वर मग कितीही सुंदर दगड लावला तरी काही फरक पडत नाही.

एक साधं गणित मांडतो, कागदावर काढून बघा. समजा उतार १:५ आहे, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की जमीन एक मीटर खाली जाते. घर पुढून मागेपर्यंत १२ मीटर. म्हणजे पुढच्या आणि मागच्या कडेत २.४ मीटरचा फरक. आता सगळं घर एकाच लेव्हलला बसवायचं म्हटलं तर मागे १.२ मीटर कापायचं आणि पुढे १.२ मीटर भरायचं, इथवर सगळ्यांनाच कळतं. पण माती काही सरळ उभी राहत नाही, तिला १:२ चा तरी ढाळ द्यावा लागतो, आणि मूळ जमीनही त्याच दिशेला उतरत असते त्यामुळे तो ढाळ मूळ जमिनीला जाऊन मिळेपर्यंत पुढे ४ मीटर आणि मागे ४ मीटर जातात. म्हणजे १२ मीटरच्या घरासाठी २० मीटरचा पट्टा उकरला गेला, त्यातली झाडं, झुडपं, वरची माती, सगळं गेलं. तेच घर दोन लेव्हलमध्ये तोडलं, सहा-सहा मीटरचे दोन भाग आणि मध्ये १५ सेंटीमीटरच्या आठ पायऱ्या, तर कापायचं आणि भरायचं फक्त ६० सेंटीमीटर, बाहेरचे ढाळ दोन-दोन मीटरमध्ये संपतात आणि पट्टा १६ मीटरवर येतो. खोदाई तर प्रत्येक मीटर लांबीमागे ६ घनमीटरवरून साधारण २.४ घनमीटरवर येते. आठ पायऱ्यांमध्ये एवढा फरक पडतो. घर खांबांवर उचललं तर खोदाई फक्त खांबांच्या पायांपुरतीच उरते.

घरात म्हातारी माणसं आहेत, पायऱ्या नकोत, असं असेल तर खांबांवरची एकच लेव्हल घ्या, पण भराव नको. आणि ढाळाच्या ऐवजी रिटेनिंग वॉल घालून जागा वाचवू असं कोणी म्हणालं तर ती भिंत खालच्या बाजूने बघितल्यावर घराच्या उंचीत मिळवली जाते हे लक्षात घ्या, लांबून बघणाऱ्याला घर आणि भिंत वेगळी दिसत नाहीत, एकच मोठा उभा ठोकळा दिसतो.

म्हणून आर्किटेक्टकडे थ्रीडी चित्रं मागायच्या आधी सेक्शन मागा, म्हणजे घर आणि जमीन उभी कापल्यावर कशी दिसेल ते चित्र. कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या उंच-सखलपणाच्या रेषा दाखवणारा नकाशा, उंचीच्या अर्ध्या-अर्ध्या मीटरला रेषा असलेला हवा, त्यावर प्रत्येक मोठ्या झाडाचं खोड, खडक आणि पावसात पाणी वाहतं ती रेषा दाखवलेली हवी, आणि सेक्शनमध्ये मूळ जमिनीची रेषा तुटक रेषेने दाखवलेली हवी. ती तुटक रेषा आणि नवीन जमिनीची रेषा यांच्यामध्ये जेवढी जागा दिसेल तेवढं तुमचं घर त्या जागेशी भांडतंय असं समजा.

आता जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण घेऊ, कारण त्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात आणि त्यातून चुकीचा धडा घेतला जातो. आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं फॉलिंगवॉटर हे घर, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये, बेअर रन नावाच्या ओढ्यावर. १९३५ मध्ये डिझाइन झालं, मुख्य घर १९३७ मध्ये पूर्ण झालं. मालक एडगर कॉफमन, पिट्सबर्गच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे. त्यांना धबधबा समोर दिसेल असं घर अपेक्षित होतं, राइटने ते धबधब्याच्या डोक्यावरच नेऊन ठेवलं. लोक फोटो बघून म्हणतात की बघा किती मिसळलंय, पण त्या घराच्या काँक्रीटच्या गच्च्या फिकट पिवळसर मातकट रंगाच्या आहेत, जंगलात त्या स्पष्ट उठून दिसतात. लपवायचा प्रयत्न कुठेच नाही. मिसळतं ते दुसऱ्या कारणाने. ओढ्याच्या काठाचा खडक आडव्या थरांचा आहे, एक थर बाहेर आलेला, त्याच्याखाली सावली, मग पुढचा थर, आणि गच्च्या त्याच पद्धतीने एकावर एक बाहेर काढल्यात. दगडी भिंतींचा वालुकाश्म त्याच जागेवर खाणीतून काढला आणि बसवताना आडवे पातळ थर ठेवून मधूनमधून काही दगड पुढे काढले, त्यामुळे भिंतीवर ऊन पडलं की खडकाच्या कडेवर पडतात तशाच आडव्या सावल्या पडतात. तिथला दगड वापरला हा अर्धाच भाग झाला. तो दगड जमिनीत जसा पडून होता तसा भिंतीत बसवला, हा दुसरा अर्धा भाग, आणि तो बहुतेक लोक विसरतात.

आतलं एक डिटेल तर मला आजही थक्क करतं. दिवाणखान्यातल्या शेकोटीसमोर मूळ खडक तसाच वर येऊ दिलाय, कापला नाही. बाकीची फरशी ओबडधोबड दगडाची, पण तिला मेण लावून चमकवलीय, आणि खडकाला मात्र मेण लावलं नाही. त्यामुळे फरशी ओल्या ओढ्यासारखी दिसते आणि खडक त्यातून कोरडा वर आलेला दिसतो. यात महाग असं काहीच नाही, फक्त कुठे पॉलिश करायचं आणि कुठे थांबायचं एवढंच ठरवलंय. काही ठिकाणी काच दगडी भिंतीला मिळते तिथे फ्रेमच नाही, दगडात खाच करून काच सरळ आत घातली आणि सीलंट भरलं, म्हणून भिंत आतून बाहेर अखंड जाताना दिसते, काच मध्ये आहे हेच जाणवत नाही.

पण त्याच घराची दुसरी बाजूही माहीत असायला हवी, विशेषतः तुमचा डोळा कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूला आधार असलेल्या अधांतरी गच्चीवर असेल तर. मुख्य गच्ची आधाराच्या पलीकडे साधारण साडेचार मीटर अधांतरी आहे. कॉफमनच्या इंजिनिअरांना सळई कमी वाटत होती, राइटला न विचारता ती जवळजवळ दुप्पट घातली गेली, आणि तरीही वर्षानुवर्षं गच्ची खाली झुकत राहिली, १९९० च्या दशकात मोजलं तेव्हा टोकाला जवळपास ७ इंच झुकली होती. शेवटी २००२ मध्ये आतली फरशी काढून, पोलादी केबल ओढून पोस्ट-टेन्शनिंग करावं लागलं. गळतीचा त्रास पहिल्यापासून होताच. हे सांगतोय कारण निसर्गाच्या एवढं जवळ जायचं म्हणजे पाण्याच्या, ओलीच्या, मुळांच्या जवळ जायचं, आणि त्याचं डिझाइन काँक्रीटच्या डिझाइनइतक्याच गांभीर्याने करावं लागतं. तुमच्या घरात अडीच-तीन मीटरच्या पलीकडे कॅन्टिलिव्हर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला फक्त ताकद विचारू नका, दहा-वीस वर्षांनी टोक किती झुकेल ते विचारा आणि सेंट्रिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, आधीच किती उलटा उठाव देणार आहेत ते लिहून घ्या.

याच्या अगदी उलट टोकाला आर्किटेक्ट मीस व्हॅन डेर रोहंचं फार्न्सवर्थ हाउस, इलिनॉयमध्ये प्लॅनोजवळ फॉक्स नदीच्या काठी, १९५१ मध्ये पूर्ण झालेलं. पांढरं पोलाद आणि काच, बास. रंगाने, आकाराने कशानेच ते झाडांसारखं नाही. पण घराची फरशी जमिनीपासून साधारण १.६ मीटर वर आहे, घर आठ खांबांवर उभं आहे आणि खालून गवताचं मैदान तसंच पुढे जातं. जमिनीला हात सगळ्यात कमी कोणी लावला असं विचारलंत तर मी हेच घर दाखवीन. फक्त पुराची पातळी कमी धरली गेली, १९५४, १९९६ आणि २००८ मध्ये पाणी घरात शिरलं. म्हणजे खांबांवर उचलणं बरोबर, पण किती उचलायचं हे पाण्याला विचारून ठरवायचं. तुमच्या जागेत ओढा किंवा नाला असेल तर आजूबाजूच्या झाडांच्या बुंध्यांवर जुन्या पुराच्या गाळाच्या खुणा आहेत का बघा, जुन्या लोकांना विचारा, आणि सर्व्हेवर ती रेषा मारून घ्या.

पाण्याचं अजून एक. उतारावर घर आडवं बसतं म्हणजे ते वरून येणाऱ्या पाण्याला बांध घालतं. मागच्या भिंतीवर कितीही वॉटरप्रूफिंग करा, पाणी तिथे तुंबलं तर आज ना उद्या आत येणारच. म्हणून घराच्या वरच्या अंगाला आधी एक उथळ चर घ्या जो पाणी दोन्ही बाजूंना वळवून मूळ वाटेवर परत नेईल, आणि भिंतीच्या मागे पायाच्या लेव्हलला छिद्रांचा पाइप, त्याभोवती खडी, खडीभोवती जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. वळवलेलं पाणी एका जागी जोरात सोडू नका, तिथे घळ पडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती घळच सगळ्यात आधी दिसायला लागते, दगड टाकून ते पसरू द्या.

झाडांबद्दल तर मला हात जोडून सांगायचंय. "झाड वाचवलंय" म्हणजे खोड उभं आहे असं लोक समजतात. झाडाची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटीमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. ब्रिटिश स्टँडर्डमध्ये एक सोपा हिशोब आहे, खोडाचा व्यास जमिनीपासून दीड मीटरवर मोजायचा आणि त्याच्या बारापट त्रिज्येचा गोल सोडायचा, म्हणजे अर्धा मीटर जाड खोड असेल तर चहूबाजूंनी सहा मीटर. त्या गोलात खोदायचं नाही हे ठेकेदार ऐकतो, पण तिथेच वाळूचा ढीग लावतो, सिमेंट कालवतो, जेसीबी वळवतो, माती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांनी वरून वाळायला लागतं. तोपर्यंत कोणालाच कारण आठवत नाही. काम सुरू व्हायच्या आधी पक्कं कुंपण घाला आणि माल कुठे उतरेल, मशीन कुठून येईल, हे साइट प्लॅनवर काढून ठेकेदाराच्या करारात घाला. वरची काळी माती वेगळी काढून दीड-दोन मीटरपेक्षा उंच नसलेल्या ढिगात ठेवा, तिच्यात तिथल्याच गवताचं बी असतं, काम संपल्यावर तीच परत पसरली की बाहेरून हिरवळ आणून लावायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

गाडीचा रस्ता हा असाच दुर्लक्षित विषय. तीन मीटरचा रस्ता उतारावरून आडवा नेला की त्यालाही कापणी-भराव आलाच आणि तो घरापेक्षा लांब असतो. शक्य असेल तर गाडी मुख्य रस्त्याजवळच थांबवा आणि पुढे पायवाट करा. सेप्टिक टँकचे आणि पाण्याच्या टाकीचे पाइप, केबल हे सगळं त्या एकाच वाटेखालून न्या म्हणजे दुसरीकडे चर खणावे लागत नाहीत.

आता मटेरियलकडे येऊ. दगडाचं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर पातळ दगड चिकटवणं, केलंत तर कोपऱ्यात बघा. दोन पातळ तुकडे कोपऱ्यात जोडले की दगडाची जाडी दोन सेंटीमीटर आहे हे लगेच उघड होतं आणि भिंत खोटी वाटते, म्हणून कोपऱ्याला पूर्ण जाडीचे अखंड दगड घ्या, दगडांमधल्या सांध्यांच्या फटी दीड-दोन सेंटीमीटर खोल ठेवा म्हणजे सिमेंट दिसत नाही, सावली दिसते. पैसे कमी असतील तर सगळ्या घराला पातळ दगड लावण्यापेक्षा एकच भिंत खऱ्या दगडाची करा आणि ती घरातून बाहेर अंगणापर्यंत जाऊ द्या. बाकीचं साधं प्लास्टर चालतं. रंगाचं सांगायचं तर हिरवा रंग मी कधीच सुचवत नाही. पानांचा हिरवा दर महिन्याला बदलतो आणि भिंतीचा तसाच राहतो, त्यामुळे तो कायम चुकीचाच दिसतो. मातीचा, खोडाचा, खडकाचा रंग घ्या, मॅट फिनिशमध्ये आणि डोळ्याला वाटतो त्यापेक्षा एक-दोन छटा गडद, कारण निसर्गात प्रत्येक रंगात सावली मिसळलेली असते आणि सपाट भिंतीवर तोच रंग फिकट भासतो. मीटरभर मोठा तुकडा रंगवून जागेवर उभा करा आणि सकाळी, भर दुपारी आणि ढगाळ हवेत लांबून बघा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सी रँच नावाची वसाहत आहे, १९६० च्या दशकात लँडस्केप आर्किटेक्ट लॉरेन्स हॅल्प्रिनच्या आराखड्यावर उभी राहिली, तिथे रेडवूड लाकूड रंग न देताच ठेवलंय आणि ते समुद्राच्या हवेने करडं पडून आजूबाजूच्या वाळक्या गवतात बरोबर बसलंय. तिथे घरांना पुढे आलेले छज्जेही नाहीत, कारण वारा जोराचा आहे, छपरांचे उतारच वाऱ्याला धरून ठेवलेत. म्हणजे राइटसारखे लांब छज्जे सगळीकडे बरोबर असं नाही, तुमच्याकडचा वारा-पाऊस काय सांगतो ते बघायचं.

पूर्ण बाजू काचेची करायला माझा विरोध नाही, पण काच उघड्यावर असेल तर दिवसा बाहेरून ती आकाश परावर्तित करते आणि लांबून चकाकते, आत बसलेल्याला निसर्ग दिसतो पण बाहेरच्याला फक्त आरसा. ती सव्वा-दीड मीटर छज्ज्याच्या आत ढकला, मग ती गडद सावलीसारखी दिसते, उन्हाळ्यात आत उष्णताही कमी येते. पक्षी आपटू नयेत म्हणून काचेच्या बाहेरच्या अंगावर पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके किंवा रेघा हव्यात, जवळ झाडं आहेत म्हणजे हे नक्की करा. फ्रेमचा त्रास वाटत असेल तर आर्किटेक्ट योर्न उत्झॉनने स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या स्वतःच्या घरात, कान लिसमध्ये, केलेली युक्ती बघा, लाकडी फ्रेम दगडी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसवल्यात, त्यामुळे आतून फक्त दगडाची चौकट आणि समुद्र दिसतो. रात्री मात्र आतले दिवे खाली तोंड केलेले आणि मंद ठेवा, नाहीतर दिवसा मिसळलेलं घर रात्री सगळ्या डोंगराला दिसतं.

छतावरच्या गवताचं मी एकच विचारतो, ते दिसणार कुठून? घराच्या वरच्या बाजूने पायवाट किंवा रस्ता असेल तर जरूर करा. सगळे खालूनच बघणार असतील तर तो पैसा जमिनीवर घाला. करणार असाल तर १० सेंटीमीटर भिजलेल्या मातीचा थर दर चौरस मीटरला साधारण १२० ते १५० किलो भरतो, हे वजन इंजिनिअरला पहिल्या दिवशी सांगावं लागतं, आणि वॉटरप्रूफिंगच्या वर मुळं अडवणारा थर वेगळा लागतो. सपाट छत म्हणालं तरी डिझाइनमध्ये १:४० ढाळ धरा म्हणजे प्रत्यक्षात १:८० तरी मिळतो. झाडाखाली पानं पडणारच, तेव्हा पाणी जायची तोंडं दोन तरी ठेवा. वणव्याचा भाग असेल तर घराला लागून दीड मीटर पट्ट्यात झुडूप, लाकूड, वाळकं गवत काहीच नको, तिथे खडी टाका, दिसायला थोडं वेगळं दिसेल पण इथे तडजोड नको.

राहिला खडक. तो घरात घेता येतो, आर्किटेक्ट अल्बर्ट फ्रेने कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जच्या डोंगरावर १९६४ मध्ये स्वतःचं घर पूर्ण केलं त्यात एक प्रचंड खडक काचेच्या भिंतीतून आत आलाय आणि काच त्या खडकाच्या आकाराला कापून बसवलीय. पण पाम स्प्रिंग्ज वाळवंट आहे. तुमच्याकडे पाऊस किती यावर बरंच अवलंबून आहे. आधी तो खडक खालच्या मूळ कातळाचा भाग आहे का नुसता मातीत रुतलेला मोठा दगड आहे ते भूगर्भ तज्ज्ञाकडून तपासून घ्या, सुटा असेल तर त्याच्यावर घराचा कुठलाच भार टाकू नका आणि तो वेगळा खचेल असं धरूनच सांधे ठेवा. भिंत किंवा काच खडकाला टेकवायची नाही, दोन-अडीच सेंटीमीटर फट ठेवून त्यात लवचीक सीलंट भरायचं, कारण खडक उन्हात तापतो, रात्री गार होतो आणि काचेच्या कडेवर थोडा जरी दाब आला तरी तडा जातो. काचेचं माप टेपने घेऊ नका, प्लायवूडचा साचा जागेवर घासून बसवून घ्या आणि त्यावरून काच कापा. बाहेरच्या बाजूला खडकावर एक बारीक खाच कोरून पाणी बाजूला वळवा. तरीही खडकातल्या भेगांमधून ओल आत येईल, ती सीलंटने थांबत नाही. फॉलिंगवॉटरमध्ये मुख्य घर आणि वरच्या गेस्ट हाउसच्या जोडवाटेवर झऱ्याचं पाणी आतच झिरपतं आणि ते थांबवायच्या ऐवजी परत बाहेर नेलंय. तुम्हीही खडकाच्या पायाशी आतल्या बाजूने एक उथळ पन्हळ आणि तिला बाहेर जायला पाइप ठेवा, आणि खडकाभोवती अर्धा मीटर तरी लाकडी फरशी टाळा. निर्णय घ्यायच्या आधी भर पावसात दोन-तीनदा जाऊन खडकाची आत येणारी बाजू बघा, पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनीही ती झिरपत असेल तर खडक बाहेर अंगणात ठेवा आणि घराची काच त्याच्यापासून मीटरभर आधी थांबवा.